सपाट छपराची शाळा

एका आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं वगळून त्यांचा पेच त्यांच्याच शब्दांत, थोडक्यात:

आम्ही पुण्याचे, गेली सात वर्षं इंग्लंडमधल्या रेडिंगला लागून असलेल्या एका उपनगरात राहतो. मुलगी इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला आहे, धाकटा सहा वर्षांचा. परीक्षेतून मुलं निवडणाऱ्या ग्रामर शाळेच्या इलेव्हन प्लस या प्रवेशपरीक्षेसाठी तिला दोन वर्षं शिकवणी लावली होती. गेल्या आठवड्यात निकाल आला, चार गुणांनी राहिलं. घरापासून चालत बारा मिनिटांवर, परीक्षा न घेता सगळ्यांना घेणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा आहे. तिच्या ओपन इव्हनिंगला, शाळा बघायला बोलावतात त्या संध्याकाळी, गेलो आणि मन खट्टू झालं. साठच्या दशकातल्या सपाट छपराच्या इमारती, मागे पोर्टाकॅबिनच्या तीन तात्पुरत्या खोल्या, तेराशे मुलं. एका वर्कशॉपमध्ये मुली लाकूड कापत होत्या, शेजारच्या खोलीत मुलगे केक भाजत होते. जेवणाचे पैसे म्हणे अंगठा लावून द्यायचे. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे म्युनिसिपालिटीचीच शाळा ना?" मला उत्तर देता आलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, त्या शाळेचं नाव प्रवेशाच्या फॉर्मवर लिहायचंच नाही. चार मैलांवर काचेची नवी इमारत असलेली दुसरी शाळा आहे, तिच्याजवळ काही महिने फ्लॅट भाड्याने घ्यावा, नाहीतर वर्षाला २२ हजार पौंड भरून खासगी शाळा. आमचं मंडळ गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसवतं. काय तो हॉल, काय ते स्टेज! तसं काही असतं तर प्रश्नच नव्हता. मुलगी गप्प आहे. परतताना एकदाच म्हणाली, "तिथे ड्रामा स्टुडिओ होता." फॉर्मची मुदत ३१ ऑक्टोबर. काय करू?

प्रिय मैत्रिणी,

आधी फॉर्मचं बोलू, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाही. ३१ ऑक्टोबर बहुतेक वेळा हाफ टर्मच्या सुट्टीत येतो. प्राथमिक शाळेचं ऑफिस बंद असतं, कौन्सिलचा, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचा, फोन लागत नाही आणि आपण रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून बसतो. तुम्ही तसं करू नका. रेडिंगभोवतीची उपनगरं तीन कौन्सिलांमध्ये वाटली गेली आहेत. शाळा कुठल्याही हद्दीत असो, अर्ज आपण राहतो त्या कौन्सिलकडे जातो, हे एकदा तपासून घ्या.

जवळच्या शाळेचं नाव न लिहिल्याने त्या शाळेला काही फरक पडत नाही, फरक तुम्हाला पडतो. तुम्ही कुठल्या शाळेला कितवा क्रमांक दिलात हे शाळांना कळतच नाही. प्रत्येक शाळा आपल्या नियमांप्रमाणे, म्हणजे आधी कौन्सिलच्या देखभालीत असलेली मुलं, मग भावंडं, मग अंतर असं काहीसं, अर्जदारांची यादी लावते. तुम्ही लिहिलेल्यांपैकी जिथे जिथे मुलगी बसते, त्यातली तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेली जागा कौन्सिल देते. त्यामुळे चौथ्या क्रमांकाला शेजारची शाळा लिहिली म्हणून पहिल्या क्रमांकाची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट ती लिहिलीच नाही आणि वरचं काही मिळालं नाही, तर १ मार्चला कौन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतं. ती शाळा दोन बस बदलून गाठायचीही असू शकते. लंडनमध्ये सहा पर्याय भरता येतात, बाकी ठिकाणी किमान तीन. सगळे भरा. ग्रामरसाठी ती पात्र ठरलेली नाही, तेव्हा ती ओळ आशेपोटी अडवून ठेवू नका.

भाड्याच्या फ्लॅटचं नवऱ्याच्या मनातून काढा. काही महिन्यांचा पत्ता दाखवून जागा मिळवायची हे इथे सर्रास चालतं असं लोक सांगतात, पण कौन्सिल टॅक्सची नोंद, जुन्या घराचे कागद, सगळं तपासलं जातं आणि पत्ता खोटा निघाला तर दिलेली जागा काढून घेतात. खरंच घर बदलायचं असेल तर बदला, तो वेगळा निर्णय आहे. तसं असेल तर आधी कौन्सिलच्या पुस्तिकेत त्या शाळेने गेल्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरचं घेतलं ते बघा. तो आकडा दर वर्षी हलतो. बऱ्याच ठिकाणी अंतर सरळ रेषेत मोजतात, त्यामुळे गूगलने दाखवलेल्या चालण्याच्या वाटेवर भरवसा ठेवू नका.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो मला महत्त्वाचा वाटला, कारण तो त्यांनी विचारला असला तरी तुमच्याही मनात आहे. आपण ज्या महाराष्ट्रातून आलो तिथे गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक शिडी तयार झाली. वर इंग्रजी माध्यमाची खासगी, मग अनुदानित, मग नगरपालिकेची किंवा झेडपीची. ज्याला परवडतं तो वर चढतो आणि खाली उरतात ते नाइलाजाने. ती शिडी आपण सामानात बांधून इकडे आणली. इथे मात्र ९३ टक्के मुलं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत शिकतात. तुमच्या डॉक्टरची, वकिलाची, समोरच्या घरातल्या बसचालकाची, बहुतेकांची. "उरलेल्यांची शाळा" म्हणायला आधी बाकीचे निघून गेलेले असावे लागतात.

तसं ते एके काळी होतं. १९४४च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी व्हायची. थोडी ग्रामरला, बरीचशी सेकंडरी मॉडर्न नावाच्या साध्या शाळांना, आणि कागदावर जास्त व प्रत्यक्षात फारच थोड्या असलेल्या तांत्रिक शाळांत काही. पोराचं पुढचं आयुष्य एका सकाळी ठरायचं. त्यावर मध्यमवर्गीय पालकच चिडले, कारण नापास होणाऱ्यांत त्यांचीही मुलं होती. १९६५मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १०/६५ या क्रमांकाचं परिपत्रक काढलं आणि वाटणी थांबवून सगळ्यांसाठी एकच शाळा करा, असं कौन्सिलांना सांगितलं. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे तेवढंच: येईल त्याला घेणारी. ग्रामर शाळा आज इंग्लंडभरात १६३ उरल्यात आणि १९९८च्या कायद्याने नव्या काढायला बंदी आहे. केंट किंवा बकिंगहॅमशरसारख्या काउंटीत अजूनही सगळीकडे ग्रामरची चाळणी चालते आणि तिथल्या आईने मला हेच पत्र लिहिलं असतं तर माझं उत्तर थोडं वेगळं झालं असतं. रेडिंगला ग्रामर दोनच, मुलांची रेडिंग स्कूल आणि मुलींची केंड्रिक. तुमच्या भागातली हुशार मुलं सगळी तिकडे गेली आणि इकडे कुणी राहिलं नाही, असा हिशोब बसत नाही. ज्या मुलांचं चार गुणांनी राहिलं ती कुठे जातात असं वाटतं? जी परीक्षेला बसलीच नाहीत ती?

सासूबाईंना सांगा, "आई, ही शाळा सगळ्यांची आहे." आणि हो, म्युनिसिपालिटीची असेलच असंही नाही. इथल्या बहुतेक माध्यमिक शाळा आता अकॅडमी झाल्यात, त्यांचा पैसा कौन्सिलला वळसा घालून थेट सरकारकडून येतो. पण ते फोनवर समजावायला जाऊ नका, कॉल तासभर चालेल.

इमारतीबद्दल. सपाट छप्पर बघून तुमचं मन खट्टू झालं, पण ते छप्पर कुठून आलं हे कळलं की थोडा राग निवळेल. युद्धानंतर इथे मुलांची लाट आली. त्यात शाळा सोडण्याचं किमान वय १९४७मध्ये १५ आणि १९७२मध्ये १६ केलं गेलं. म्हणजे वर्गखोल्या कमी आणि मुलं जास्त, वर विटा आणि गवंडी दोन्हींची टंचाई. मग पोलादी सांगाडे आणि तयार भिंती कारखान्यात बनवून जागेवर जोडायची पद्धत आली. नॉटिंगहॅमशर कौन्सिलच्या पुढाकाराने १९५७मध्ये सुरू झालेली क्लॅस्प ही त्यातली नावाजलेली. तिथे खाणींमुळे जमीन खचायची, म्हणून इमारत थोडी हलली तरी तडकणार नाही अशी रचना केली होती. त्या इमारती सुंदर नाहीत, हिवाळ्यात गार आणि जूनमध्ये भट्टी. पण खिडक्या मोठ्या, प्रकाश भरपूर, आणि बाजूला मैदान, कारण तेव्हा उपनगरात जमीन होती. मैदान विकायचं तर आजही शाळेला मंत्र्यांची परवानगी लागते. तुमच्या पत्रात मैदानाचा उल्लेखच नाही. संध्याकाळी अंधारात गेलात, दिसलं नसणार.

जुन्या इमारतीबाबत एक प्रश्न मात्र जरूर विचारा. २०२३च्या ऑगस्टअखेर, शाळा उघडायला दोन-चार दिवस असताना, सरकारने शंभराहून अधिक शाळांना इमारतींचे काही भाग बंद करायला लावले. कारण होतं रॅक नावाचं हलकं, बुडबुड्यांचं काँक्रीट, पन्नासच्या दशकापासून बहुतेककरून सपाट छपरांत वापरलेलं, ते अचानक कोसळू शकतं असं लक्षात आलं होतं. तुमच्या शाळेची तपासणी झाली का, काय निघालं, पोर्टाकॅबिन त्यामुळेच आल्यात की मुलं वाढली म्हणून, हे सरळ विचारा. अपमान वाटण्यासारखा प्रश्न नाही तो, ऑफिसला पाठ असतं उत्तर.

आणि काचेची नवी इमारत? मला काचेशी वैर नाही. २००४च्या सुमाराला प्रत्येक माध्यमिक शाळा नव्याने बांधायची मोठी योजना सुरू झाली होती, ती २०१०मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. ज्यांचा नंबर आधी लागला त्यांना काच मिळाली, बाकीच्यांना रंगाचा डबा. यात शाळेच्या गुणवत्तेचा संबंध फार थोडा. शिवाय काही नव्या इमारती पीएफआय कराराच्या. देखभाल २५-३० वर्षं खासगी कंपनीकडे, भिंतीत खिळा ठोकायचा तर त्यांच्या माणसाची वाट बघायची. मधल्या त्या उंच चौकात जेवणाच्या सुट्टीत किती आवाज घुमतो ते ओपन इव्हनिंगला कळत नाही.

आता मला माझ्या पोटातलं सांगू दे. मी अशा एका कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत ११ वर्षं लॅब टेक्निशियन होते. दर सप्टेंबरला ओपन इव्हनिंगची तयारी आम्हीच करायचो. स्थिर विजेच्या व्हॅन डी ग्राफ यंत्रावर कुणाचे तरी केस उभे करायचे, ड्राय आइसचा धूर, तांब्याच्या क्षाराची हिरवी ज्योत. पालक दारातून आत बघत आणि खूश होऊन पुढे जात. मी मनात म्हणायचे, हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. मुलगी छान, पोहे छान, पण पोहे कुणी केले हे कुणी विचारत नाही. आणि उद्या रोजचा स्वयंपाक कोण करणार तेही नाही.

माझ्या सातारा जिल्ह्यातल्या शाळेत प्रयोगशाळा होती. तिला कुलूपही होतं. दहावीपर्यंत मी ती दोनदा उघडी पाहिली, दोन्ही वेळा तपासणीला साहेब येणार होते. म्हणून मला कुठल्याही सोयीबद्दल एकच प्रश्न सुचतो, किल्ली कुणाकडे असते आणि आठवड्यातून किती वेळा फिरते? लेझर कटर असलेली शाळा मी पाहिली आहे, ज्यात तो चालवू शकणारे एकमेव सर नोकरी सोडून गेले होते आणि यंत्रावर कापड टाकलेलं होतं. आणि गंजक्या नळांच्या लॅबमध्ये इयर सेव्हनची पोरं आठवड्यातून दोनदा गॅस पेटवताना रोजच पाहिली. जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेच्या, विज्ञानात ठरावीक प्रयोग करावेच लागतात आणि लेखी परीक्षेतले किमान १५ टक्के गुण त्या अनुभवावरच्या प्रश्नांना असतात. तेव्हा लॅब दिसते कशी यापेक्षा आठव्या इयत्तेला भौतिकशास्त्र कोण शिकवतं हे विचारा. भौतिकशास्त्राचं शिक्षण घेतलेले शिक्षक या देशात खरोखर कमी आहेत. ते ज्या शाळेत टिकून आहेत, तिथलं छप्पर मी बघणार नाही.

वाचनालयही तसंच. इथे तुरुंगात वाचनालय असावं असा नियम आहे, शाळेत असावं असा नाही. त्यामुळे एखाद्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचनालय उघडं असेल आणि तिथे पगारी ग्रंथपाल बसत असेल, तर मुख्याध्यापकांनी कुठला तरी दुसरा खर्च कापून ते राखलंय असं समजा. बुजऱ्या मुलांसाठी ती जागा म्हणजे आसरा असतो. क्रीडागृह म्हणजे साधारण चार बॅडमिंटन कोर्टांएवढी खोली. ती मे-जूनमध्ये जीसीएसईची बाकं मांडून अडकलेली असते, त्या वेळी खेळाचा तास कुठे होतो? पाऊस आला तर? कपडे बदलायला जागा आणि शॉवर ११ वर्षांवरच्या मुलांसाठी असलेच पाहिजेत असं २०१२चे नियम सांगतात. त्या शॉवरला शेवटचं पाणी कधी आलं होतं, ते मात्र पोरांनाच ठाऊक. शौचालयं तासाच्या वेळी कुलूपबंद असतात का, हे तर आवर्जून विचारा. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या आईने न विचारावं असा हा प्रश्न नाही. गोलमोल उत्तर मिळालं तर मुलीला आधीच सांगून ठेवा की तिला बाहेर जायला लागलं तर पास कसा मागायचा.

वर्कशॉपकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. मुली लाकूड कापत होत्या आणि मुलगे केक भाजत होते, हे तुम्ही तक्रारीच्या यादीत लिहिलंय. मला वाटतं, लिहिताना तुम्हालाही थोडं चुकल्यासारखं वाटलं असेल. आपल्याकडे हाताचं काम कुणी करायचं हे जातीने ठरत आलं आणि शिकलेल्या घरांनी त्यापासून लांब राहण्यातच शहाणपण मानलं. आपल्या पिढीतल्या किती इंजिनियरांनी कधी पटाशी धरली? इथे राष्ट्रीय अभ्यासक्रमात डिझाइन अँड टेक्नॉलॉजी १४ वर्षांपर्यंत सगळ्यांना आहे आणि २०१४पासून त्यात स्वयंपाकही आला. बहुतेक शाळांत गट आळीपाळीने फिरतात, काही आठवडे लाकूड, काही आठवडे कापड, काही आठवडे स्वयंपाकघर. तुमची लेक ड्रिलखाली लाकडाचा तुकडा धरायला शिकेल आणि तुमचा मुलगा पाच वर्षांनी घरी येऊन म्हणेल, "आई, कांदा असा नाही चिरायचा." ज्या शाळांनी पैसे वाचवायला वर्कशॉप बंद करून तिथे कॉम्प्युटर मांडले, त्यांच्याबद्दल तुम्ही काळजी केली असती तर मला समजलं असतं.

अंगठ्याचं उत्तर सोपं आहे. मुलाचे बोटांचे ठसे वापरायला शाळेला पालकांची लेखी संमती लागते, २०१२च्या कायद्याने. पालकांनी हो म्हटलं आणि मूल नाही म्हणालं तरी ते ऐकावं लागतं. नकार दिला तर कार्ड किंवा पिन द्यावाच लागतो. ती संमती प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात मधेच कुठेतरी असते आणि आपण शेवटच्या पानावरच्या सहीच्या घाईत ती देऊन टाकतो. वाचून ठरवा. एक गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या यंत्रणेचं ॲप असतं, त्यात लेकीने दुपारी काय घेतलं ते दिसतं. पहिले दोन महिने रोज पिझ्झा आणि कुकी दिसेल. डबा देता येतो.

खासगी शाळेबद्दल मी कमी लिहिणार आहे. वर्षाला २२ हजार म्हणजे सात वर्षांचे १ लाख ५४ हजार पौंड, तेही फी एका पौंडानेही वाढली नाही तर. १ जानेवारी २०२५पासून फीवर २० टक्के व्हॅट आहे. धाकट्याला दुसरीकडे घालणार का? नसाल तर आकडा दुप्पट करा. लहान वर्ग, विशिष्ट अडचण असलेल्या मुलाला मिळणारं लक्ष, यासाठी काही घरांना तो खर्च योग्य ठरतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुमच्या पत्रात मुलीची अशी कुठलीच गरज दिसत नाही. दिसते ती चार गुणांची टोचणी. ती टोचणी घालवायला दीड लाख पौंड महाग आहेत. धाकट्याचा विचार केलात तर शेजारच्या शाळेचा एक फायदा आधीच तुमच्या पदरात पडतो. बहीण तिथे असली की भावाचा क्रमांक बहुतेक शाळांत वर सरकतो.

व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी इथेच सांगते, कारण हा प्रश्न सारखा येतो. मुलाला सरकारी शाळेत घालणं म्हणजे "पब्लिक फंड्स", व्हिसावर घेता न येणारी सरकारी मदत, घेणं नव्हे. निर्धास्त अर्ज करा.

नवऱ्याने एक्सेल केलं असणारच, आपले लोक करतातच. त्यांना दोन गोष्टी सांगा. ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा एका शब्दाचा शेरा सप्टेंबर २०२४पासून बंद झाला. नोव्हेंबर २०२५पासून तपासणीनंतर वेगवेगळ्या बाबींवर स्वतंत्र शेरे देणारं प्रगतिपत्रक मिळतं. जुना "गुड" किंवा "आउटस्टँडिंग" कितव्या वर्षीचा आहे ते पाहूनच जमेला धरा. आणि प्रोग्रेस ८, म्हणजे मूल अकराव्या वर्षी कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोहोचलं याचं माप, ते २०२५ आणि २०२६च्या निकालांना लावताच येत नाही, कारण कोविडमुळे त्या मुलांच्या प्राथमिकच्या परीक्षाच झाल्या नव्हत्या. २०२४पर्यंतचे आकडे बघावेत. नुसते ९ आणि ८ या सगळ्यात वरच्या श्रेणी मिळवलेल्यांचे टक्के लावून ग्रामरशी तुलना केली तर चाळलेल्या पिठाची न चाळलेल्याशी तुलना होईल. त्यापेक्षा विचारा, गणितात मुलांचे वेगळे गट कितवीपासून पाडता, गट बदलता येतो का, तीन स्वतंत्र विज्ञानं किती मुलं घेतात, दुसरी भाषा इयर नाइननंतर किती जणं ठेवतात. आणि सोळाव्या वर्षी दार पुन्हा उघडतं. ग्रामर शाळांच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत, बाहेरून येणाऱ्यांसाठी जागा असतात.

१ मार्चला मिळालेली जागा नाकारू नका, काहीही मिळालेलं असो. ती स्वीकारून दुसऱ्या शाळेच्या प्रतीक्षायादीत राहता येतं, अपीलही करता येतं, आणि ती यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते. जुलैपर्यंत ती बरीच हलते. कुणी घर बदलतं, कुणी खासगीत जातं.

मुलीबद्दल तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंत, पण मला सगळ्यात जास्त तीच दिसली. दोन वर्षं तिने घरात "नाही झालं तर त्या शाळेत जावं लागेल" हे वाक्य ऐकलं असणार. आता तिथेच जायची वेळ आली आहे आणि ती गप्प आहे. आपण फोनवर तिच्या आजीला "नाही झालं गं आई तिचं" म्हणतो तेव्हा ती जिन्यावर बसलेली असते, आणि तिला मराठी उत्तम कळतं हे आपण अभिमानाने सांगत असतो. तेवढं वाक्य आजपासून बंद करा. निकालाबद्दल तिच्याशी एकदा नीट बोला. शिकवणी लावायचा निर्णय आमचा होता, तू मेहनत केलीस, चार गुण राहिले, झालं. मग ड्रामा स्टुडिओबद्दल विचारा. काळ्या पडद्यांची, दिव्यांची ती खोली तिने एवढ्या गर्दीत हेरली. नाटक हा राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्वतंत्र विषय नाही, तो इंग्रजीच्या पोटात येतो. म्हणजे ज्या शाळेने त्यासाठी खोली आणि शिक्षक ठेवलाय, तिने तो स्वतःहून ठेवलाय. इयर सेव्हनला नाटकाचा तास दर आठवड्याला असतो का, शाळा सुटल्यावर क्लब आहे का, हे तिलाच विचारू द्या, शिक्षकांना, समोरासमोर. तुम्ही मागे उभ्या राहा.

आणि तो गणपतीचा हॉल. मंडळं हॉल भाड्याने कुठून घेतात? इंग्लंडमधली किती तरी मराठी मंडळं सण अशाच शाळांच्या हॉलमध्ये करतात, कारण खासगी शाळेपेक्षा भाडं परवडतं आणि पार्किंग मोठं असतं. डॉलिस हिलला लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारखी स्वतःची वास्तू सगळ्यांकडे थोडीच असते. जरा चौकशी करा, तुमचा हॉल बहुधा कॉम्प्रिहेन्सिव्हचाच निघेल. त्या स्टेजवर तुमची लेक नाचली असेल, तुम्ही स्वयंपाकघरात मोदक वाफवले असतील, आणि वर बघितलं असतंत तर छप्पर सपाट दिसलं असतं.

हाफ टर्मच्या आधी शाळेला फोन करा आणि चालू दिवसाची भेट मागा. बऱ्याच शाळा सकाळची वेळ देतात. मुलीला घेऊन जा, तिच्या शाळेत आधी विचारून. नवऱ्यालाही न्या, एक्सेल घरी ठेवून. तास बदलताना कॉरिडॉरमध्ये उभे राहा, घंटेनंतरच्या त्या पाच मिनिटांत पोरं एकमेकांशी आणि शिक्षक पोरांशी कसे वागतात ते बघा. लॅब दाखवतील तेव्हा दोन लॅबच्या मधल्या छोट्या दाराकडे बघा. आत बेसिनपाशी कुणी तरी परीक्षानळ्या धूत असेल. तिला विचारा, "आठवड्यात किती प्रॅक्टिकल होतात?" ओपन इव्हनिंगचं भाषण तिने लिहिलेलं नसतं, ती खरं सांगेल.